मुक्याचा म्हसोबा

जेसीबी म्हसोबापासून हातभर अंतरावर थांबला, कारण मध्ये तेजल उभी होती. दोन्ही हात कमरेवर, दप्तर पाठीवर तसंच.

"बाजूला हो गं पोरी," मुकुल ठेकेदार ओरडला. "रस्त्याचं काम अडलंय. देव पलीकडे बसवू, नवं देऊळ बांधून देऊ. फरशी लावून!"

"देवाला विचारलंत का?"

"तू काय त्याची पीए?"

जमलेली आंबी गावची मंडळी खो खो हसली. तेजलही हसली, पण जागची हलली नाही. मागच्याच महिन्यात तिनं तळेगावच्या शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मारलं होतं. त्याआधी वर्गात तिची फार टर उडायची. ती 'आमी', 'तुमी' म्हणायची. अनघाबाईंनी पाठ सोडली नाही. "शब्दाच्या पोटातला ह गिळू नकोस, तेजल! परत जागेवर ठेव!" ठेवला. तेव्हापासून ती कुणाच्याही समोर उभी राहायला तयार होती, मग तो जेसीबी का असेना.

आणि आज तर पणजीला शब्द दिला होता.

नव्वदी ओलांडलेली भामाबाई टेकाडाखाली बसली होती, मांडीवर चहाची किटली. आज अमावस्या. या म्हसोबाला कोंबडं चालत नाही, बकरं चालत नाही. त्याला कोरा चहा लागतो.

"मी जित्ती हाय तवर हलवू नगा," ती पुन्हा म्हणाली. "धन्यानं जाताना माझा हात हितं ठिवला व्हता. आमचं इमान हाय तितं."

धनी म्हणजे तेजलचे पणजोबा. सोपान हे नाव त्यांना गावानंच दिलं. गोरे, घाऱ्या डोळ्यांचे, मुके. कोकणातून घाट चढून आले असावेत, असं गावानंच ठरवलं. पट्टीच्या टोकाला हा देव त्यांनी बसवला आणि जन्मभर शेंदूर चढवला.

पट्टी म्हणजे लढाईच्या वेळी इंग्रजांनी केलेली धावपट्टी. आता तिच्यावर गवत वाळतं, पोरं क्रिकेट खेळतात, तळेगावच्या बायका स्कूटी शिकतात. पण दिवेलागण झाली की तिकडे चिटपाखरू नसतं. लढाईत एक विमान धुक्यात हरवलं होतं. कुरवंड्याच्या कड्यावर आदळलं म्हणतात. शोधशोध शोधलं, पण ना विमान सापडलं, ना चालवणारा. वारा सुटला की म्हसोबाचं टेकाड घूंऽऽ करून घुमतं. तो अजून उतरायला जागा शोधतोय, असं सगळे सांगतात. तेजलचा भुतांवर विश्वास नव्हता. तरी संध्याकाळी तीसुद्धा लांबच्या वाटेनं घरी जायची.

"बरं, तुझंही राहू दे," मुकुल जेसीबीवरून खाली उतरला. "देवाला हात लावत नाही. फक्त मागची माती काढतो. देव जरा जरी हलला, तर काम बंद. मग तर झालं?"

तेजलनं पणजीकडे पाहिलं. भामाबाईनं मान हलवली: नको. पण सगळा गाव बघत होता, आणि ठेकेदार चक्क विनवत होता!

"चालेल," तेजल ऐटीत म्हणाली.

आधी नारळ फुटला. नेहमीसारखा देव टण्ण वाजला. "जागृत हाय," कुणीतरी पुटपुटलं. मग सगळ्यांनी हात जोडून मंत्र म्हटला, "आयामोम." तो सोपानआबांचा मंत्र. जन्माच्या मुक्याला मरताना वाचा फुटली, आणि हा एकच शब्द तो पुन्हा पुन्हा बोलला. शेवटी ओम आहे म्हणजे मंत्रच, असं गुरवानं तेव्हाच सांगितलं होतं.

जेसीबीचा पंजा टेकाडात घुसला.

करकरऽऽ असा आवाज आला. माती धाडकन खाली बसली. शेंदराची पुटं खपल्यांसारखी गळून पडली, आणि आत दगड नव्हताच. करडं लोखंड होतं. त्यातून पंख्याचं एक मोडकं पातं वर आलेलं. मागे मातीत, गाडल्यासारखं, अख्खं विमान.

मंडळी भराभर मागे सरली. ड्रायव्हर आकाश तेवढा वाकून फुटक्या काचेतून आत बघायला धजावला.

"हाडं हायेत का रं?" कुणीतरी विचारलं.

"न्हाई." त्याचा आवाज चिरकला. "खुर्ची रिकामी हाय. पट्टा... सोडल्याला हाय."

तेजल पणजीकडे वळली. "पणजे, तुला... तुला माहीत होतं?"

"सांगत न्हवते व्हय, इमान हाय म्हून?" भामाबाई शांतपणे उठली. तिनं कपात चहा ओतला, लोखंडापुढे ठेवला, घारे डोळे असलेल्या पणतीचा हात धरला आणि नेहमीसारखे डोळे मिटले.

"आयामोम," ती म्हणाली.

सवयीनं तेजलचेही ओठ हलले. आणि सवयीनंच तिनं शब्दाच्या पोटात गिळलेला ह परत जागेवर ठेवला.

"आय ॲम होम."