दहा हजार सात फरश्या

गणिताच्या सरांचं नाक नेहमी छताला टेकलेलं. सभागृहासाठी त्यांनी फरशीवाल्याला मुद्दाम दहा हजार सात फरश्या स्वतः मोजून दिल्या होत्या. "ही मूळ संख्या आहे, शहाण्या! सारख्या ओळी कशाही मांड, काहीतरी उरणारच. पुऱ्या बसल्या, तर मी खडू सोडीन."

"बसल्या, सर," फरशीवाला हात पुसत म्हणाला. "एक उरली नाही, एक कापली नाही."

सरांनी ओळी मोजल्या. एकशे तीन ओळी, प्रत्येकीत सत्त्याण्णव. म्हणजे नऊ हजार नऊशे एक्क्याण्णव. "सोळा ढापल्यास! रांगणाऱ्याची अक्कल गुडघ्यातच."

"एकेक मोजा ना, सर."

सरांनी प्रत्येक फरशीवर खडूची खूण केली. संध्याकाळी शेवटच्या कोपऱ्यात आकडा भरला, दहा हजार सात. पुन्हा ओळी मोजल्या. एकशे तीन. सत्त्याण्णव.

"तुला मांडताच येत नाही!" सर गरजले. खडू ठेवून त्यांनी हात पाहिले. या हाताला पाच, त्या हाताला पाच. सर छद्मी हसले आणि, खात्री म्हणून, एकेक बोट चाचपून मोजू लागले.

अकरावं बोट जरा गार होतं.