दोन बोटांचा उतार

“ती पाणसळ पिशवीत घाला, दाजी. आणि टेबल होतं तसं करा.”

मिस्त्रीचा मेहुणा दारात उभा होता. संघाचा कॅप्टनही तोच. मिस्त्री पूल खेळायच्या टेबलाखाली आडवा होऊन पान्याने चौथ्या पायाचा बोल्ट फिरवत होता. बाहेरून फक्त बूट दिसत होते. पाना फिरतच राहिला.

पाहुणा संघ यायला दोन तास.

टेबलाला उतार होता. खिडकीकडची जमीन खचलेली. जोरात मारलेला बॉल सरळ जायचा, पण हळू मारलेला शेवटी शेवटी खिडकीकडे कलायचा. दोन बोटं. क्लबातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. नेम दोन बोटं अलीकडे धरायचा, उरलेलं जमीन बघून घ्यायची. पाहुण्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तरी कुठे विचारलं होतं?

घरच्या टेबलावर अकरा वर्षांत एकही सामना हरले नव्हते.

बाहेर जाऊन एकही जिंकले नव्हते.

“आपण मुद्दाम केलंय का काही?” मेहुणा वाकून बुटांशी बोलू लागला. “जमीन खचली. आपोआप खचली. त्यात आपला काय दोष?”

“माझी भिंत एक सूत बाहेर गेली तर मी पाडून परत बांधतो,” टेबलाखालून आवाज आला. “आणि रविवारी इथे येऊन वाकड्या टेबलावर कॉलर ताठ करतो.”

“आज हरलो ना, तर परत तुमच्या घरी जेवायला येणार नाही!”

“शब्द दे.”

बाकावरचा कंपाउंडर फसकन हसला. मेहुण्याने वळून बघितल्यावर त्याने ते खोकल्यावर नेलं.

मिस्त्री बाहेर आला. पाणसळ टेबलावर आडवी ठेवली, मग उभी. बुडबुडा दोन्ही वेळा बरोबर मधोमध.

“आपण खेळतो की जमीन खेळते,” तो म्हणाला, “एकदा कळू दे.”

मग सराव. म्हणजे फजिती. हातांना सवय दोन बोटांची, आणि दोन बोटं तर गेलेली. कंपाउंडरने पॉकेटच्या तोंडाशी असलेला बॉल तीनदा चुकवला. मिस्त्री स्वतःही चुकला. चहा आला, सगळ्यांना मिळाला, त्याच्या वाटचा कप मेहुण्याने सावकाश पिऊन टाकला.

नऊ डाव. पाच जिंकेल तो सामना जिंकेल.

पहिला गेला.

दुसरा गेला. मेहुणाच हरला. बाकावर येऊन बसला तो मिस्त्रीपासून दोन माणसं सोडून.

तिसरा मात्र आला. चौथाही. कसा, ते कुणालाच कळेना. पाहुणे जोरात मारलेलं सगळं अचूक घालत होते, आणि हळू मारलेलं चुकत होते. चुकत होते म्हणजे थोडक्यात. एकदा नाही, दर वेळी.

पाचवा त्यांचा. सहावा आपला. सातवा त्यांचा. आठवा कंपाउंडरने खेचून आणला आणि क्यूची काठी छातीशी धरून मटकन खाली बसला.

चार-चार.

शेवटचा डाव मिस्त्री आणि पाहुण्यांचा घड्याळजी यांच्यात. घड्याळजी त्यांचा कॅप्टन. बारीक माणूस. दिवसभर केसाएवढे स्क्रू फिरवणारा. त्याचा हात थरथरलेला कुणी पाहिला नव्हता. बघता बघता त्याने आपले सगळे बॉल घातले. मिस्त्रीनेही घातले. टेबलावर उरला पांढरा आणि काळा. काळा घालेल तो सामना घेऊन जाईल.

पाळी घड्याळजीची. काळा लांब होता आणि तो हळूच मारावा लागणार होता. मेहुण्याने डोळे मिटून घेतले.

बॉल निघाला.

सरळ.

सरळच.

पॉकेटच्या दोन बोटं बाजूला कडेला टेकला आणि थांबला.

घड्याळजी पॉकेटकडे बघत नव्हता. खिडकीकडे बघत होता.

मिस्त्री उठला. क्यूच्या टोकाला खडू लावला. जोर लावला तर काळ्यामागून पांढराही आत पडणार, आणि सगळं संपणार. हळूच मारायला हवं. तो वाकला, आणि त्याचा हात आपोआप दोन बोटं सरकला. तो उभा राहिला. परत वाकला. परत तेच. अकरा वर्षं त्या हातात बसली होती.

“दाजी,” मागून मेहुण्याचा आवाज आला. दबका. “सरळ मारा. टेबल सरळ आहे. तुम्हीच केलंय.”

मिस्त्रीने सरळ मारला.

काळा हळूच पॉकेटात उतरला. पांढरा काठापर्यंत आला, थबकला, आणि तिथेच राहिला.

मग जो आवाज उठला तो ऐकून शेजारच्या दुकानदाराने शटर अर्धं ओढलं. कंपाउंडरने क्यू विसरून आपली चप्पलच हवेत नाचवली. मेहुण्याने मिस्त्रीला कमरेला धरून उचललं, पेलवेना, तरी सोडेना. “सपाट टेबलावर!” तो ओरडत होता. “सपाट टेबलावर जिंकलो! बाहेर कुठेही चला आता! कुठेही!”

“खाली ठेव आधी.”

“रात्री जेवायला येतोय मी!”

गर्दी बाजूला सारत घड्याळजी आला. त्याने हात पुढे केला. मिस्त्रीने तो धरला. घड्याळजीने लगेच सोडला नाही. एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा आपल्या पोरांकडे. मग मान पुढे करून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला,

“सहा महिने, मिस्त्री. सहा महिने आम्ही आमच्या टेबलाच्या दोन पायांखाली फरशा घालून सराव करत होतो.”