खालच्या कप्प्यातला उजेड

"उघड आये, हळूच उघड," मानसिंग म्हणाला.

रतनबाईंनी ओट्याखालच्या कपाटाचं दार ओढलं आणि आत लख्ख उजेड पडला. दार उघडलं की दिवे लागायचे, मिटलं की विझायचे. मानसिंगने सकाळपासून ओट्याखाली आडवं पडून, कितीदा तरी कपाळ आपटून घेऊन ही करामत केली होती. आधी त्याने एलईडीची पट्टी वर लावली होती, तर वरच्या फळीची सावली खालच्या कप्प्यावर पडायची. "खालचं न्हाई दिसत," असं आई म्हणाल्याबरोबर पठ्ठ्याने ती उपटली आणि पुढच्या कडेला, दोन्ही अंगांना उभ्या पट्ट्या बसवल्या. पोरगा गुणी होता, आणि तीच पंचाईत होती.

कारण रतनबाईंना सगळं दिसत होतं. सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात ओवायच्या त्या, पण हे घरात कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्यांची थोरली बहीण आक्काबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती आंबवड्याला एकटी राहायची आणि आज बहिणीला कायमचं न्यायला किकवीला आली होती. दोघींचं तसं ठरलेलंच होतं. पहाटे उठायचं नाही, कुणाचे डबे भरायचे नाहीत, सकाळी देवळात जाऊन बसायचं आणि भूक लागली तर एका भाकरीत दोघींनी भागवायचं. नुसत्या विचारानेसुद्धा रतनबाईंना इतकं हलकं वाटायचं की स्वतःचीच लाज वाटायची.

सरळ सांगून पाहिलंच नव्हतं असं नाही. "दमले रं," म्हणाल्या तर मिक्सर आला. "उभं ऱ्हावत न्हाई," म्हणाल्या तर उंच स्टूल आलं. डोळे तेवढे बाजारात मिळत नाहीत, म्हणून त्यांनी शेवटी डोळ्यांचं नाव घेतलं. खरं वाटावं म्हणून एकदा चहात मीठ टाकलं आणि तो चहा सगळ्यांबरोबर निमूट प्यायल्याही. तर आता हा उजेड आला.

"दिसतंय का?" मानसिंगने विचारलं.

"न्हाई रं बाबा."

"वाकून बघ की जरा."

"वाकूनच बघतीया. समदं धुकं धुकं हाय."

गॅसजवळ उभ्या असलेल्या नूतनचा, त्यांच्या सुनेचा, चेहरा उतरला. ती शिरवळच्या कंपनीत पहिल्या पाळीला जायची. सासू गेली तर सकाळचा स्वयंपाक आणि लहानग्या लेकीची, सोनीची, शाळा तिच्यावर येणार, म्हणजे नोकरी सोडावी लागणार. ती कधीच काही बोलत नसे आणि रतनबाईंना नेमकं तेच जड जायचं.

"मानसिंग, आता लई झालं," आक्काबाई म्हणाली. "दिवं लावून डोळं येत्यात व्हय? ऱ्हाऊ दे हिला माज्याकडं. भोरला डाक्टरला म्या दावते. आन् हिचं आता वय झालं, चुलीम्होरनं सोडा तिला."

मानसिंग जमिनीवर बसला होता. त्याने हातातला पेचकस खाली ठेवला, बायकोकडे पाहिलं, मग आईकडे.

"बरं," तो म्हणाला. "जा आये. मावशीकडं ऱ्हा. आमी बघू आमचं."

झालं. इतके महिने जे साधत नव्हतं ते एका शब्दात झालं. लुगडी बांधलेलीच होती, भोरच्या यष्टीला अजून वेळ होता. आपल्या चेहऱ्यावरचा आनंद कुणाला दिसू नये म्हणून रतनबाई पुन्हा कपाटाकडे वाकल्या.

"तू लई केलंस रं लेकरा," त्या म्हणाल्या. "पर काय करू, हितलं ताट हाय का परात, त्ये बी मला..."

आणि बोलता बोलता त्यांचा हात आत गेला. खालच्या फळीवर नूतनने संध्याकाळसाठी निवडून ठेवलेल्या तूरडाळीचं ताट होतं. त्या डाळीतून त्यांनी दोन बोटांनी एक खडा उचलला, डाळीएवढाच आणि डाळीच्याच रंगाचा, आणि ओट्यावर ठेवला.

"दिसला!" मानसिंग ओरडला आणि उठून उभा राहिला. "आयला, दिसला की! नूतन, बघितलास का खडा? मावशे, बघ, डाळीतला खडा दिसला तिला!" तो इतका खूश झाला होता की त्याच्या मनात दुसरं काही आलंच नाही. त्याने आईला दोन्ही खांद्यांना धरलं. "तू काळजीच करू नगस. आता वरच्या कपाटास्नी बी आजच बसवतो."

पट्ट्या आणायला तो पळतच बाहेर गेला. नूतनला मात्र सगळं कळलं होतं. तिने सासूकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवून डोळे पुसले. "आत्या, च्या टाकते," एवढंच म्हणाली. तिला हायसं वाटलं होतं आणि त्याची शरमही वाटत होती.

आक्काबाईने पिशवी उचलली. रतनबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. डाळीचं ताट त्यांनी मांडीवर ओढून घेतलं होतं आणि बोटं आपसूक डाळीतून फिरत होती. आक्काबाई जवळ येऊन वाकली.

"सुटली हुतीस की गं," ती हळू आवाजात म्हणाली. "काय नडलं हुतं त्यो खडा काढायचं?"

रतनबाईंनी मान वर केली नाही.

"सोनीच्या दाताखाली आला असता, आक्का."