तसबिरीमागचे पाकीट

"सही कसली, सार?"

मानाजीरावांच्या बोटांतला शेंगदाण्याएवढा कपॅसिटर सुटला आणि घरंगळत काउंटरवरच्या टीव्हीला टेकून थांबला. टीव्ही समोर उभ्या असलेल्या रंगनाथांचाच होता. दसऱ्यापासून तो तिसऱ्यांदा रिपेरीला आला होता. "विमानं नीट करता आणि घरचा टीव्ही होत नाही," हे पत्नी मालतीबाईंचे वाक्य रंगनाथांना आता पाठ झाले होते.

फ्लाइंग स्कूलच्या दोन आसनी विमानाचा रेडिओ मुका झाला होता. त्याला हवा असलेला हा कपॅसिटर अगदी साधा, कुठल्याही दुकानात मिळणारा होता. नियमाचे म्हणणे एवढेच की आकडा जुळावा, आणि माल अस्सल असल्याचे विकणाऱ्याने लिहून द्यावे. रंगनाथांनी छापील कागद पुढे सरकवला.

"नाव, पत्ता, सही. बस्स."

'अस्सल' हा शब्द लष्कर मोहल्ल्यातल्या मानाजीरावांच्या दुकानाच्या पाटीवर तीस वर्षे उन्हात उभा होता. पाटीखाली सही करावी लागत नाही.

"विमान चालवणार कोण, सार?"

"तुमच्या शेजारच्या संताजीराव टेलरांची वर्षिणी. परवा पहिल्यांदाच एकटी उडणार. रेडिओ बंद पडला तर वरून ती हाक कुणाला मारणार?"

भिंतीपलीकडे संताजीरावांचे शिलाई मशीन एका लयीत चालले होते. मानाजीरावांनी पेन उचलले. टोक कागदावर टेकले आणि तिथेच एक निळा ठिपका वाढत राहिला.

"हा बेड, सार, नको हा." त्यांनी कपॅसिटर डब्यात टाकला आणि दुसरा डबा काढला. पुन्हा पेन, पुन्हा ठिपका. "अय्यो, हा पण बेड."

तिसऱ्या डब्यावर परदेशी शिक्का होता. तो कोणत्या गल्लीत छापला जातो, हे मानाजीरावांना ठाऊक होते. तोही डबा त्यांनी मिटला.

"तिन्हींवर आकडा एकच आहे की हो!" रंगनाथ म्हणाले.

"आकडा काय, सार, कुणीही छापतो."

माल संपला म्हणावे आणि शटर ओढून घ्यावे, असे क्षणभर त्यांच्या मनात आले. एवढ्यात पलीकडचे मशीन थांबले. दोराच तुटला असेल. पण ती शांतता मानाजीरावांना सोसवेना. ते स्टुलावर चढले. विठ्ठलाच्या तसबिरीमागे हात घालून त्यांनी एक पाकीट काढले. पारदर्शक पाकीट बंद होते. आत त्याच आकड्याचा कपॅसिटर आणि कंपनीची चिठ्ठी दिसत होती, चिठ्ठीवर तारीख होती.

"गेल्या महिन्यात बंगळूरहून मागवलं. माझ्या घरच्या टीव्हीला."

मग त्यांनी सही केली. वडिलांच्या नावासकट, मोहल्ल्याच्या पिनकोडासकट, खाली दोन रेघा ओढून. हात हलका झाला. तीस वर्षांनी प्रथमच पाटी आणि माणूस एकमेकांना ओळखत असल्यासारखे वाटले.

रंगनाथांनी पाकीट खिशात जपून ठेवले आणि ते निघाले. पायरीवर मात्र थबकले. वळून त्यांनी मिटलेल्या तीन डब्यांकडे पाहिले, मग आपल्या टीव्हीकडे.

"मानाजीराव, ह्याच्यात कोणता घालत होतात?"

"हे काय विचारता, सार!" पेनाला टोपण लावत मानाजीराव म्हणाले, "टीव्हीच्या वेळी तुम्ही सही कुठं मागितलीत?"