हुरड्याचे पैसे

नानांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि स्कॅनरच्या पाटीवर टाकला.

"नाना, असू द्या ना ती पाटी," मोनिका गोवऱ्यांच्या आगटीपासून म्हणाली. हातात भाजलेलं कणीस होतं. गरम आहे तोवर चोळलं तरच दाणा सुटतो, म्हणून तिला उठता येईना.

"पाव्हनं दारात आलं की पयलं पैशाचं तोंड दाखवायचं व्हय?" सासरे म्हणाले आणि हात जोडून गाडीकडे निघाले.

पुण्याची गाडी बांधाला लागली होती. अनिमेष, त्याची बायको मैत्रेयी, दोन मुलं. मोनिकाची पहिली गिऱ्हाइकं. फोनवर सगळं ठरलेलं होतं. माणशी किती, मुलांचे किती, हुरड्याबरोबर काय काय. मैत्रेयी घासाघीस न करता "चालेल" म्हणाली होती.

हे सगळं मोनिकाच्या डोक्यात आलं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत. घरातले सगळे कोकणात गेले होते, एका बाईच्या घरी उतरले होते. बाई पोटभर वाढायची, निघताना ओसरीवर बसून पैसे घ्यायची आणि तिचा नवरा ताटं उचलायचा. बाकीच्यांनी समुद्र बघितला. मोनिकानं ती बाई बघितली. परत आल्यावर तिनं सुप्याच्या कंपनीतलं पॅकिंगचं काम सोडलं, रस्त्याकडेचा एक तुकडा नानांकडून मागून घेतला आणि रब्बीला त्यात हुरड्याची ज्वारी पेरली. तिचा नवरा रविराज म्हणाला, "एक हंगाम बघू. नाही जमलं तर परत कंपनीच्या लाइनीवर जायचं. तेव्हा रडायचं नाही." नानांनी कोकणातून एवढंच आणलं होतं: "घरात बसवून जेवू घालत्यात आन् वर पैसं मागत्यात. लाज कशी वाटत न्हाई?"

आता तेच नाना पाहुण्यांच्या पुढ्यात मांडी घालून बसले होते.

"खावा, खावा. एवढ्यात झालं? आमच्या हितली चिमनी याच्यापक्षा जास्त खाती."

मुलं हसली. अनिमेष शेंगदाण्याच्या चटणीत हुरडा कालवून बोटं चाटत होता. "नाना, असा हुरडा आयुष्यात खाल्ला नाही हो."

"आवो, ह्यो तर कायच न्हाई. मोना, टाक अजून धा-वीस कणसं!"

मोनिकानं कणसं टाकली. ती पहाटेच उठून खुडायला गेली होती. धुरानं डोळे लाल झाले होते, पण आत कुठंतरी तिला बरं वाटत होतं. माणसं खातायत. माणसांना आवडतंय. म्हणजे जमणार.

दुपार कलली. अनिमेष उठला, हात धुतले, फोन काढला. "स्कॅनर कुठाय?"

मोनिका पाटीकडे निघाली. नाना मध्ये आले.

"कसला स्कॅनर? ठिवा त्यो फोन."

"अहो, पण फोनवर ठरलंय आमचं," मैत्रेयी म्हणाली.

"ती पोरगी बोलली असंल. मी बोल्लो का? हुरडा कुनी इकतो व्हय? माज्या बापानं कंदी इकला न्हाई. मानूस शेतावर बलवायचा आन् खाऊ घालायचा."

"नाना," मोनिका म्हणाली, "त्यांना माहितेय. ठरलेले आहेत पैसे."

"तू गप गं. पाव्हन्यांसमुर?"

तिनं रविराजकडे बघितलं. तो गोवऱ्यांची राख काठीनं उकरत होता. तशीच उकरत म्हणाला, "राहू दे आता. नंतर बोलू."

नंतर! या घरात मोनिकाची प्रत्येक गोष्ट नंतर होती. पाहुण्यांसमोर सासऱ्याचा हात बाजूला सारून टॉवेल ओढावा, असं तिच्या मनात आलं. हातही उठला. पण गावात उद्या काय बोलतील ते तिला पाठ होतं. तिनं त्याच हातानं पदर सारखा केला.

मैत्रेयीनं एकदा तिच्याकडे, एकदा नवऱ्याकडे बघितलं. अनिमेषचा फोन खिशात गेला. किती पटकन गेला, ते फक्त मोनिकानं बघितलं. फुकट मिळालं की शिकलेल्या माणसाचंही मन लगेच भरून येतं.

"नाना, पाया पडू द्या," अनिमेष वाकला. "हे असं प्रेम पुण्यात विकत घेऊनसुद्धा मिळत नाही."

नानांची छाती फुगली. उदार होणं सोपं असतं, कणसं दुसऱ्या कुणी खुडलेली असली की. त्यांनी उरलेला हुरडा एका पिशवीत भरला, वर मूठ-मूठ बोरं टाकली, गुळाची ढेपही दिली. ढेप मोनिकानं दुकानातून आणली होती. मुलांनी नानांबरोबर सेल्फी काढला. मोनिकाला कुणीतरी म्हणालं, "वहिनी, तुम्हीपण या ना." तिनं राखेचे हात दाखवले.

गाडी वळली, थांबली. काच खाली झाली.

"नाना, पुढच्या रविवारी आमची अख्खी सोसायटी घेऊन येतो!"

"आना की! बस करून आना. घर तुमचंच हाय."

गाडी हायवेला लागेपर्यंत नाना हात हलवत उभे होते. मग वळले. खूप दिवसांनी ते असे हसत होते.

"बघितलंस का मोना? तू उगं भेत हुतीस, मानसं येतील का न्हाई म्हनून. पयल्याच दिशी सोसायटीची सोसायटी यायला निघाली. आगं, तुजा धंदा चालला की!"

मोनिकानं विळा उचलला आणि रविवारपर्यंत कोवळी राहतील अशी कणसं किती उरलीत, ते बघायला शेतात शिरली.