वेगळा बॅकअप कशाला?

चादरींच्या कारखान्यात मृत्युंजयनं दोन सर्व्हर असे जोडले होते, की एकावरचा प्रत्येक बदल लगेच दुसऱ्यावरही व्हावा. एक मेला तरी दुसरा काम चालवणार. आज जागा मोकळी करताना त्यानं चुकून सगळी डिझाइनं पुसली. दुसऱ्या सर्व्हरनं घरजावयासारखं मुकाट तेच केलं. सॉफ्टवेअरचा दोष नव्हता, हीच पंचाईत होती. ‘वेगळा बॅकअप कशाला?’ असं मालक वीरभद्रप्पांना त्यानंच छातीठोकपणे सांगितलं होतं. मालकांनी दोन्ही सर्व्हरना शिव्या घातल्या आणि त्याच्यापुढं भाकरी सरकवली. “जेव की. मशिनीनं दगा दिला, तुझा काय दोष?” मृत्युंजयनं भाकरी बाजूला ठेवली. “अप्पा, मशिनीचं काय चुकलं न्हाय. मीच पुसली.” मालकांनी खुर्चीवरची चादर ओढून त्याच्या मांडीवर टाकली. “ह्यात मोराचं डिझाइन हाय. दोरे मोजून पुन्हा काढ.” “बाकीची?” “सोलापूरभर लोक पांघरून झोपत्यात की. जा, दारोदार मागून आण.”