पिठाच्या डब्यामागची वाटी

“पिठाच्या डब्यामागे पुसून घे आधी. आणि दार लोटून घे, धूळ इकडे येते,” टेबलाशी वाढता वाढता सासूबाईंनी फर्मावलं.

सुनेने स्वयंपाकघराचं दार लोटलं. पाचवा महिना, पोटात कावळे ओरडताहेत, आणि या बाईला डब्यामागची धूळ दिसतेय. दिसणारच. गल्लीत त्यांना जमादारीण म्हणतात ते काही उगाच नाही. घरात पुरुषांनी आधी जेवायचं, बायकांनी मागाहून, उरलंसुरलं. नियम त्यांचा आणि तोराही त्यांचाच. “उभा जन्म मी शेवटी जेवले. मेले का?” असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या.

बरं, उरायचं तेही नुसता जाळ. सासरे, नवरा, सासूबाई, तिघांनाही भाजी लालभडक लागायची. सुनेला पहिल्याच घासाला ठसका. डोळे गळायला लागले की सासूबाई म्हणायच्या, “माहेरी काय दुधावर वाढवली होती का हिला?” मग ती कोरडा भात पाण्यासोबत ढकलायची आणि उठायची.

तिने डबा ओढला. मागे झाकलेली वाटी होती. भाताचा गोळा, त्यावर भाजी, अजून वाफाळणारी.

असं आहे होय जमादारणीचं शेवटी जेवणं. सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला. दार ढकलून ती बाहेर आली आणि वाटी टेबलाच्या मधोमध आदळली.

“आई, तुमचं जेवण डब्यामागे राहिलं होतं.”

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. मग ते खो खो हसत सुटले. “वा गं वा. जन्मभर आम्हाला त्याग ऐकवलास, आणि आत हा उद्योग?” नवराही खाली मान घालून हसला.

सासूबाईंनी वाटीकडे पाहिलं. मग सुनेकडे, तिच्या पोटाकडे.

“बोल की. कुणाची वाटी?” सासऱ्यांनी विचारलं.

“माझीच,” त्या म्हणाल्या. पळी पातेल्यात ठेवली आणि आत गेल्या. आतून पाण्याच्या भांड्याचा आवाज आला, एकदा, मग पुन्हा एकदा.

सुनेने खुर्ची ओढली आणि पुरुषांच्या बरोबरीने जेवायला बसली. हटकणारी आत गेली होती. सुनेने ताट घेतलंच नाही, ती वाटीच पुढ्यात ओढली. सवयीने पाण्याचा पेला जवळ घेतला, मोठा घास तोंडात घातला आणि ठसक्याची वाट पाहिली.

भाजीत तिखटाचा कणही नव्हता.